हार्ट फेल्युअरचा रुग्ण घरी जाताना नातेवाइकांना नेमकं काय शिकवायचं?

परिचर्या

हृदयविभागातून घरी जाणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग अपुरं पडून अंगात पाणी साठण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी माहितीपत्रक नव्याने लिहायचं आहे. दोन पानं, मोठा टाइप. जुन्या पत्रकात ‘मीठ कमी करा, पाणी कमी प्या, गोळ्या वेळेवर घ्या, रोज वजन करा’ एवढंच आहे. त्यात चूक काही नाही, पण रात्री पाय सुजलेले दिसले तर तो कागद वाचून घरच्या माणसाला काहीच ठरवता येत नाही. वजन किती वाढलं की फोन करायचा? मीठ कमी म्हणजे चमच्याने किती? पाणी सगळ्यांनाच मोजून द्यायचं का? पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी गोळी, घरच्या घरी वाढवली तर चालते का? अंगदुखीवर कुठली गोळी द्यायची?

दुसरी अडचण वेळेची. डिस्चार्जच्या दिवशी बोलायला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात आणि ऐकणारे थकलेले असतात. सगळं सांगायला गेलं की त्यांच्या लक्षात काहीच राहत नाही. आधी काय सांगावं आणि पुढच्या भेटीवर काय ढकलावं? उत्तरं कारणांसकट हवी आहेत. कारण कळलं की लोक जास्त नेटाने पाळतात.

इकोरूम

वजनाला पहिल्या पानावर जागा द्या आणि ते का करायचं हे एका वाक्यात लिहा: अंगात साठलेलं १ लिटर पाणी काट्यावर १ किलो दिसतं. पायावर बोट दाबून खळगा पडेपर्यंत मोठ्या माणसाच्या अंगात दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेलं असतं. म्हणजे सूज ही उशिराची खूण आहे. काटा बरंच आधी सांगतो; दाखल व्हायची वेळ येते त्याच्या साधारण आठवडाभर आधीपासून वजन चढायला लागलेलं असतं. तो आठवडा हातात असतो, म्हणून तर रोज वजन करायचं.

पद्धत चुकली तर आकडा निरुपयोगी. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, चपला काढून. काटा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा असावा आणि कडक फरशीवर असावा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो. आकडा लगेच लिहायचा, लक्षात ठेवायचा नाही.

आधाराचं वजन कुठलं, यावर बहुतेक पत्रकं गप्प असतात. सूज उतरलेली आहे, आडवं झोपता येतंय, अशा अवस्थेतलं वजन म्हणजे रुग्णाचं कोरडं वजन. डिस्चार्ज कार्डावरचा आकडा दवाखान्याच्या काट्याचा असतो. घरच्या काट्यावर तो एक-दीड किलोने वेगळा येऊ शकतो. म्हणून घरी गेल्यावर पहिल्या सकाळी घरच्या काट्यावर जे येईल ते वहीच्या वर ठळक लिहायला सांगा, आणि पुढची तुलना त्याच्याशीच करायची.

फोन कधी करायचा याचे आकडे ठिकठिकाणी थोडे निराळे दिसतील: एका दिवसात १ ते दीड किलो, तीन दिवसांत २ किलोहून जास्त, आठवड्यात २ ते सव्वादोन किलो. तिन्ही छापू नका. तुमच्या विभागातल्या डॉक्टरांशी बोलून एकच जोडी ठरवा, उदाहरणार्थ ‘एका दिवसात दीड किलो किंवा तीन दिवसांत २ किलो’, आणि तीच सगळ्यांनी सांगा. एका परिचारिकेने एक आणि दुसरीने दुसरा आकडा सांगितला की घरचे दोन्ही सोडून देतात.

फक्त कालच्या वजनाशी तुलना करण्यात एक फट राहते. रोज २०० ग्रॅम चढत गेलं तर एका दिवसाच्या किंवा तीन दिवसांच्या नियमात ते कधीच सापडत नाही, आणि दहा दिवसांत २ किलो पाणी साठतं. म्हणून तिसरी ओळ हवी: ‘आधाराच्या वजनापेक्षा २ किलो जास्त झालं, कितीही दिवसांत झालं असलं तरी, फोन.’

उलटंही घडतं. जुन्या आजारात भूक मरते, मांस झडतं, आणि तेवढ्याच वजनाचं पाणी त्याची जागा घेतं. काट्यावर आकडा तोच, पण माणूस सुजत चाललेला. म्हणून वजनाबरोबर ही लक्षणंही लिहा: रात्री एकाऐवजी दोन-तीन उशा लागणं, झोपेतून धाप लागून उठून बसावं लागणं, आडवं झाल्यावर खोकला, चप्पल घालायला वाकताच दम लागणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं होणं, कमरेचा पट्टा घट्ट होणं. आधाराचं वजन प्रत्येक भेटीत नव्याने ठरवायचं.

आणि एक ओळ ठळक: वजन वाढलेलं नाही म्हणून धाप खोटी ठरत नाही. रक्तदाब एकदम चढला की अंगातलं पाणी तेवढंच असूनही फुप्फुसात शिरतं आणि तासाभरात माणूस गुदमरायला लागतो. बसल्या जागी धाप, गुलाबी फेसाचा खोकला, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळसर होणं, यातलं काहीही झालं तर वही-काटा बाजूला ठेवून थेट रुग्णवाहिका. ती येईपर्यंत रुग्णाला ताठ बसवायचं, पाय खाली सोडलेले. अशा वेळी पाय वर उचलले की पायातलं रक्त आणखी हृदयाकडे येतं आणि धाप वाढते.

मोजमाप

मिठाबद्दल लिहिते. १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. दिवसाला ५ ग्रॅम मीठ म्हणजे २ ग्रॅम सोडियम, आणि बहुतेक रुग्णांसाठी हीच मर्यादा पुरेशी आहे. ५ मिलीच्या चहाच्या चमच्यात सपाट भरलेलं बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम असतं. म्हणजे एक चमचा हीच मर्यादेच्या वरची गोष्ट झाली, आणि तयार पदार्थांतलं मीठ अजून मोजलेलंच नाही.

घरात पाळता येईल अशी रीत: सकाळीच सपाट अर्धा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ छोट्या डबीत काढायचं. रुग्णाच्या दिवसभराच्या स्वयंपाकात तेवढंच वापरायचं. उरलेले २ ग्रॅम पाव, बिस्किटं, सॉस, दूध आणि मुळातच सोडियम असलेल्या पदार्थांतून येतात, असं धरून चालायचं. ‘चवीपुरतं’ हा शब्द पत्रकातून काढून टाका. ज्याची जीभ खारटाला सरावली आहे त्याच्या चवीपुरतं म्हणजे दुप्पट. मीठ कमी केल्यावर काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते, हे मात्र जरूर लिहा. पहिल्या आठवड्यातच लोक हार मानतात.

पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी बघायचं. १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर कमी, ६०० च्या वर असेल तर जास्त. खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि मोनोसोडियम ग्लुटामेटमध्येही सोडियम असतं. गुलाबी, काळं किंवा समुद्री मीठ घेतलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांकडेही लक्ष द्यायला सांगा: अशा एकेका गोळीत ३००-४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. दिवसाला चार घेतल्या की अख्ख्या दिवसाचं बरंचसं मीठ औषधातूनच गेलं.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. हृदयाच्या बऱ्याच गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचा ठोका बिघडतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हे ठळक अक्षरात.

पण मीठ तोडण्याचा अतिरेकही नको. सोडियम दिवसाला दीड ग्रॅमच्या खाली आणून मृत्यू किंवा दाखल होणं कमी होतं का, हे तपासणाऱ्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. तसा फायदा दिसला नाही. बेचव जेवणामुळे खाणंच सुटलं तर वजन आणि ताकद दोन्ही जातात, आणि ते या आजारात फार महागात पडतं.

इकोरूम

पाण्याबद्दलही लिहा, आणि पत्रकात सरसकट ‘दीड लिटर’ छापू नये असं मला वाटतं. स्थिर असलेल्या, सूज नसलेल्या रुग्णाला पाणी मोजून देण्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही. उन्हाळ्यात किंवा तापात तर पाण्याची गोळी चालू असताना पाणीही तोडलं की मूत्रपिंडावर ताण येतो.

मोजमाप

सहमत. दीड ते दोन लिटरची मर्यादा गंभीर अवस्थेत किंवा रक्तातलं सोडियम खाली आलेलं असेल तेव्हा डॉक्टर सांगतात. त्यामुळे पत्रकात रिकामी जागा ठेवा: ‘तुमच्यासाठी पाण्याची मर्यादा: ____ किंवा नाही.’ ज्यांना मर्यादा आहे त्यांनी सकाळी तेवढी बाटली भरून ठेवावी, आणि चहा, दूध, सूप, रस, ताक काहीही घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकावं. बाटलीत उरलं ते प्यायला. बर्फ वितळून जेवढं पाणी होतं तेवढंच धरायचं. तोंड कोरडं पडतं त्यावर चूळ भरणं, लहान पेला, बिनसाखरेची आंबट गोळी. तहान मुळात मिठाने लागते. मीठ आटोक्यात आलं की पाण्यावरून होणारी घरातली भांडणं बरीच कमी होतात.

गोळीडबा

गोळ्यांची नावं आणि वेळा कार्डावर असतातच. गोळ्या दोन प्रकारच्या आहेत, हे पत्रकात नसतं आणि तेच सांगायला हवं. पाण्याची गोळी त्रास कमी करते. फरक त्याच दिवशी जाणवतो. बाकीच्या गोळ्या हृदय जपतात आणि आयुष्य वाढवतात. घेतल्यावर त्या दिवशी काहीच वाटत नाही, उलट सुरुवातीला थकवा किंवा गरगर वाटू शकते. म्हणून लोक नेमक्या त्याच बंद करतात. पंपिंग कमी असलेल्या, म्हणजे ईएफ (एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ४० किंवा खाली असलेल्या रुग्णाला साधारण चार गटांची औषधं देतात, आणि प्रत्येकाबद्दल घरच्यांना एकेक गोष्ट माहीत हवी.

बीटा ब्लॉकर, म्हणजे कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट: लहान डोसपासून सुरू करून साधारण दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात, एकदम कधीही बंद करत नाहीत. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन: हे सुरू झालं की घरात उरलेल्या एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे ‘प्रिल’ गटाच्या गोळ्या टाकून द्यायच्या. दोन्हींमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं. एकत्र गेल्या तर ओठ-जीभ-घसा सुजून श्वास बंद पडण्याचा धोका असतो. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन: सुरू केल्यावर साधारण एका आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने पोटॅशियम व क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी) तपासणी चुकवायची नाही. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीत दुखरी गाठ आली तर लाजून गोळी सोडण्यापेक्षा सांगावं, बदली औषध आहे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन: मधुमेह नसला तरी हृदयासाठी देतात, हे सांगितलं नाही तर ‘मला साखर नाही, मग ही कशाला’ म्हणून बंद होते. लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवायची, खाज आली तर सांगायचं, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवायची का हे डॉक्टरांना विचारायचं.

आता पाण्याची गोळी. फ्युरोसेमाइड तोंडाने घेतल्यावर तासाभरात काम सुरू करतं आणि साधारण सहा तास चालतं. त्यामुळे सकाळची गोळी सकाळी आणि दुसरी असेल तर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. रात्री घेतली तर रात्रभर उठणं, अंधारात पडणं, आणि मग वैतागून गोळीच बंद. सकाळी बाहेर कामाला जायचं असेल तर गोळी चुकवण्यापेक्षा परत आल्यावर घेतलेली बरी, पण दुपारी चारच्या आत.

‘गोळी लागू पडेनाशी झाली’ असं घरचे म्हणतात तेव्हा ते खोटं नसतं. आतड्यालाही सूज आली की गोळी नीट शोषली जात नाही. अशा वेळी घरी आणखी गोळ्या वाढवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. इंजेक्शन किंवा दुसरं औषध लागतं, म्हणून फोन. घरी डोस वाढवण्याची मुभा द्यायचीच असेल तर ती लेखी असावी: कुठली गोळी, किती जास्तीची, जास्तीत जास्त किती दिवस, आणि वजन न उतरल्यास कोणाला फोन. साधारणपणे तीन दिवसांहून पुढे अशी मुभा नसावी.

अंगदुखीबद्दल: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब आणि त्यांच्या जोडगोळ्या नकोत. या गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करतात, मीठ-पाणी अडवतात आणि पाण्याच्या गोळीचा जोर मोडतात. दोन-चार दिवसांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी माणूस पुन्हा दाखल होऊ शकतो. साधी, न फसफसणारी पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन आणि फिनायलेफ्रिन, मधुमेहासाठीचं पायोग्लिटाझोन, पंपिंग कमी असताना व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, हेही टाळण्याच्या यादीत. ज्येष्ठमध ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलं जातं, पण ते सतत घेतल्यास अंगात मीठ-पाणी धरतं आणि पोटॅशियम उतरवतं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची यादी बरोबर न्यायची, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा.

परिचर्या

हे फार उपयोगाचं आहे. दोन गोष्टी राहिल्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळ्या चालू ठेवायच्या का? आणि वरचा रक्तदाब ९५ दिसला की घरचे घाबरून सगळं बंद करतात, त्यांना काय सांगायचं?

गोळीडबा

उलट्या-जुलाब किंवा खाणंपिणं बंद झालं की त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवसाची वाट नाही. अंगातलं पाणी आधीच जात असताना पाण्याची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातल्या गोळ्या, यांनी मूत्रपिंड बसू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनमुळे उपाशीपोटी रक्तात आम्ल साठू शकतं, साखर जवळपास नॉर्मल असतानाही. कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि खाणं सुरू झाल्यावर कधी पुन्हा घ्यायच्या, हे डॉक्टर सांगतील. प्रत्येकाच्या कार्डावर ते आधीच लिहून दिलेलं असेल तर उत्तम. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाते, ही इथली नेहमीची चूक.

रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा माणूस बघायला सांगा. ९५ वर चालतोय, बोलतोय, गरगरत नाही, तर या औषधांवर तो आकडा बऱ्याच जणांना चालतो. पुढच्या भेटीत दाखवावा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर एक-दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, मग धरून उभं राहायचं. अंधारी आणि त्याच वेळी वजनही आधारापेक्षा २ किलोने खाली, तर पाणी जास्त उतरलं असण्याची शक्यता आहे, फोन करावा. भोवळ येऊन पडला तर तातडीचं. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या कधीच नाहीत.

पायरी

व्यायामाबद्दल थोडक्यात. स्थिर रुग्णाने पडून राहू नये. स्नायू झडले की त्याच हृदयावर जास्त धाप लागते. सपाट जागी पाच-दहा मिनिटांनी सुरुवात, दर काही दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढ. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. जेवल्यावर लगेच नको. वजन फोनच्या आकड्यापर्यंत चढलेलं असेल किंवा बसल्या जागी धाप असेल त्या दिवशी चालणं बंद.

काट्यावर उभं राहता येत नाही अशांसाठी वेगळा परिच्छेद ठेवा. पोटरीवर आणि बेंबीच्या पातळीवर पेनाने खूण करून रोज त्याच जागी टेपने घेर मोजता येतो. पडून असलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात आणि पाणी कमरेखाली, माकडहाडावर साठतं. तिथे अंगठा पाच सेकंद दाबून खळगा राहतो का ते अंग पुसताना बघायचं. सुजलेली कातडी लवकर फाटते, त्यामुळे कूस बदलणंही त्याच वेळी.

इकोरूम

पंधरा मिनिटांचं असं करा. डिस्चार्जच्या दिवशी फक्त तीन गोष्टी: वजन आणि त्याचे आकडे, कुठल्या गोळ्या कधीच घ्यायच्या नाहीत, आणि रुग्णवाहिका बोलवायच्या खुणा. मिठाची डबी, व्यायाम, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी हे सगळं पहिल्या भेटीत, जी ७ ते १४ दिवसांत व्हायला हवी. तिची तारीख वेळेसकट लिहूनच घरी पाठवा.

‘समजलं का?’ विचारलं की सगळे मान हलवतात. त्याऐवजी विचारा: ‘परवा सकाळी काट्यावर आधारापेक्षा दोन किलो जास्त दिसलं, तर तुम्ही काय कराल?’ उत्तर अडखळलं तर तुमचं सांगणं कमी पडलं असं धरून पुन्हा सांगा, वेगळ्या शब्दांत. आठवड्याचा गोळ्यांचा डबा नातेवाइकांकडून तुमच्यासमोर भरून घ्या. अर्ध्या गोळीचा घोळ, जुन्या आणि नव्या नावाची एकच गोळी दोनदा, हे तिथेच दिसतं. शक्यतो घरातल्या दोघांना शिकवा. एकटाच माणूस सगळं बघत असेल तर तो आजारी पडला की वही त्या दिवशी बंद पडते. त्याची झोप होते का, त्याला आराम मिळतो का, हेही त्या भेटीत विचारायचं.

आणि फोन नंबर. पत्रकाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात, दोन: दिवसाचा आणि रात्रीचा. छापण्याआधी रात्री एकदा तो लावून बघा, कोण उचलतं आणि त्या माणसाला हे आकडे माहीत आहेत का. फोन करणाऱ्याने काय सांगायचं तेही खाली लिहा: आधाराचं वजन, आजचं वजन, किती दिवसांत वाढलं, रात्री किती उशा लागल्या, पाण्याच्या गोळीचा चालू डोस.